पर्णकुटी नव्हे, मांडव

ज्यू परंपरेतील सुक्कोत या शरद ऋतूतील सणाविषयी जे उपदेशपर लेखन अलीकडे विपुल प्रमाणात होत असते, त्यात एक सूर जवळजवळ सर्वत्र ऐकू येतो. वर्षातून सात दिवस माणूस आपले भक्कम घर सोडतो, फांद्यापानांनी शाकारलेल्या निवाऱ्यात जाऊन राहतो आणि त्याला उमगते की घर, सामानसुमान, सुखसोयी हे सारे फोल आहे. माणसाला खरोखर लागते ते फारच थोडे. हा अन्वयार्थ भारतीय वाचकाला तर विशेषच जवळचा वाटतो. पंचवटीतील पर्णकुटी, वानप्रस्थाश्रम, अपरिग्रह ही सगळी चित्रे त्याच्या मनात तयारच असतात आणि परक्या परंपरेतील एक सण अलगद त्या चौकटीत जाऊन बसतो. तुलनात्मक अभ्यासाच्या नावाखाली असे साम्य दाखवून देणारे निबंध विद्यार्थ्यांच्या हाती पडत असतात. साम्य इतके सहज हाती लागते, तेव्हाच खरे तर शंका यायला हवी. वस्तुतः सुक्कोतचा हा अर्थ त्या सणाच्या ग्रंथांशी जुळत नाही, त्याच्या आचाराशी जुळत नाही, आणि ज्यांना खरोखरच छपराखाली राहण्यावाचून गत्यंतर नसते अशा माणसांचा तर त्यात सरळ उपमर्द आहे.

प्रथम काळाचा विचार करावा. हा सण तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेला सुरू होतो. (काही वर्षी हीच रात्र कोजागिरीची असते, २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ती तशी होती.) निर्गम या ग्रंथात त्याला पीक गोळा करण्याचा सण म्हटले आहे, अनुवाद या ग्रंथात तो खळ्यातले धान्य आणि कुंडातला द्राक्षरस घरात आल्यावर पाळावा असे सांगून त्या दिवसांत आनंद करण्याची स्पष्ट आज्ञा दिलेली आहे. सणाला हिब्रू प्रार्थनेत जे नाव आहे त्याचाही अर्थ आनंदाचा काळ असाच होतो. कणगी भरलेली असताना, ऐन सुगीत हा सण येतो. दुष्काळात किंवा उपासाच्या दिवसांत येत नाही. उपासाचा दिवस, योम किप्पूर, पाच दिवस आधी होऊन गेलेला असतो. देहदंडाला त्या परंपरेने कॅलेंडरात जागा दिलेली आहे, पण ती जागा ही नव्हे. दोहोंची सरमिसळ करणे म्हणजे पंचांग न पाहता सणाचे मर्म सांगणे होय.

मग मांडवात राहायचे ते कसे? इ. स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नेतील या विषयावरचे प्रकरण मुळातून (किंवा निदान चांगल्या भाषांतरातून) वाचले तर उपदेशकांची पंचाईत होते. तेथे सांगितले आहे ते असे की, या सात दिवसांत माणसाने मांडव हे आपले कायमचे राहण्याचे ठिकाण करावे आणि घर हे तात्पुरते. तालमूदमधील चर्चा याचा अर्थ उलगडताना म्हणते की घरातली उत्तम भांडी मांडवात आणावीत, उत्तम अंथरुणे आणावीत, तेथेच खावे, प्यावे, फिरावे, अभ्यास करावा. फुटके मडके आणि फाटके कांबळे आणावे असे कुणी म्हणत नाही. घरी जसे राहतो तसेच येथे राहावे, हे सूत्र आहे. आणि त्या सूत्रातूनच एक विलक्षण निष्कर्ष काढलेला आहे. मांडवात राहण्याचा ज्याला त्रास होतो, तो मांडवाच्या कर्तव्यातून मोकळा आहे. आजारी मनुष्य मोकळा आहे, त्याची शुश्रूषा करणारेही मोकळे आहेत. पाऊस आला तर उठून घरात जावे. कितपत पाऊस? वाटीतली लापशी बिघडेल इतका. तात्त्विक प्रश्नाला स्वयंपाकघरातले माप लावणारे हे उत्तर मिश्नेच्या शैलीचा उत्कृष्ट नमुना आहे. पावसात भिजत बसण्यात काही पुण्य आहे काय, याचाही विचार झालेला आहे. १६व्या शतकातील क्रॅकोचे धर्मशास्त्री मोझेस इसर्लेस यांनी निःसंदिग्धपणे नोंदवून ठेवले आहे की, ज्याला सूट मिळाली असूनही जो बाहेर पडत नाही, त्याला कोणतेही फळ मिळत नाही. तो केवळ अडाणी होय. सहनशक्तीचे प्रदर्शन करणाऱ्याला इतका कोरडा शब्द क्वचितच कुठल्या धर्मशास्त्राने वापरला असेल.

अर्थात मिश्नेला पावसाचे दुःख नाही असे नव्हे. सणात पाऊस येणे म्हणजे धन्याला पेला भरून द्यायला आलेल्या सेवकाच्या तोंडावर धन्याने सुरईच रिकामी करावी तसे, असा दृष्टान्त तेथे येतो. आपण आनंदाने आलो आणि आपल्याला परत पाठवले गेले, ही ती खंत आहे. कष्ट भोगायला मिळाले नाहीत याची ती खंत नव्हे.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. परंपरेतील काही थोर भाष्यकारांनीच या सणाचा संबंध दैन्याच्या आठवणीशी जोडलेला आहे. अलेक्झांड्रियाचा फायलो म्हणतो की, समृद्धीत असताना दारिद्र्याची, मानमरातबात असताना सामान्यपणाची आठवण ठेवावी म्हणून हा प्रघात आहे. १२व्या शतकातील मैमोनिडीज सुखाच्या दिवसांत वाईट दिवसांचे स्मरण करण्याचे कारण देतो. त्याच शतकातील रश्बाम, म्हणजे राशीचा नातू, अधिक नेमके बोलतो: घरे धान्याने भरलेली असताना माणसाला वाटू लागते की हे सारे आपल्या बाहुबळाने मिळवले, तसे वाटू नये म्हणून त्याच दिवसांत घर सोडायचे. हे तिन्ही दाखले खरे आहेत. पण त्यांतून सुखसोयींचा निषेध निघतो काय? फायलो, मैमोनिडीज आणि रश्बाम तिघेही स्मरणाविषयी बोलत आहेत. दारिद्र्याचे स्मरण म्हणजे दारिद्र्याचा गौरव नव्हे. उलट, दारिद्र्य वाईट आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्याच्या स्मरणाचे मोल. रश्बामचा रोख तर घरावर नाहीच, घरमालकाच्या अहंकारावर आहे. घर निर्दोष आहे. ‘हे माझे, मी केले’ एवढेच तो काढून घेऊ पाहतो.

सणाचा खरा कठोरपणा कुठे आहे हे समजून घ्यायचे तर नजर छताकडे वळवावी लागते. मांडवाच्या भिंती कशाच्याही असू शकतात. तालमूदमध्ये अबाये हा रावाला प्रश्न विचारतो: मांडव तात्पुरता हवा, तर मग कुणी लोखंडाच्या भिंती उभारून वर फांद्या घातल्या तर तो बाद ठरेल काय? रावाचे उत्तर असे की, उंची २० हातांच्या आत असली, म्हणजे तात्पुरत्या बांधणीच्या मापात बसणारी असली, की प्रत्यक्षात ती कितीही पक्की केली तरी चालते. भिंतींना इतकी मोकळीक आहे. छताला मात्र नाही. छताचे आच्छादन, ज्याला सखाख म्हणतात, ते जमिनीतून उगवलेले हवे, तोडलेले हवे आणि त्याची वस्तू झालेली नसावी. निजण्यासाठी विणलेली चटई छतावर चालत नाही. आच्छादनासाठीच केलेली चालते, असा भेद मिश्ना करते. कोकणातल्या वाचकाला चटई आणि झाप यांतला फरक सांगावा लागणार नाही. झाडाखाली उभारलेला मांडवही बाद, कारण तो जणू घरातच उभारला. सावली उन्हापेक्षा अधिक हवी. तरी रात्री फटींतून तारे दिसावेत असा संकेत आहे. आणि पाऊस मुळीच आत येऊ शकणार नाही असे छत घातले तर ते घरच झाले, असे मत १२व्या शतकातील रब्बेनू ताम यांनी मांडलेले आहे.

या नियमांची संगती लावली की जे दिसते ते साधेपणाच्या उपदेशाहून फार वेगळे आहे. खाली गालिचा चालतो, चांदीचा पेला चालतो, भिंत लोखंडी चालते. चालत नाही ते निर्धास्त छप्पर. सुख काढून घेतलेले नाही, शाश्वती काढून घेतलेली आहे. ही दोन अगदी भिन्न मूल्ये आहेत आणि आधुनिक सुखवस्तू माणसाची गफलत नेमकी येथेच होते. घरात चार वस्तू कमी केल्या की आपण निःसंग झालो असे त्याला वाटते. परंतु विमा, ठेवी, कुलूप आणि काँक्रीटचा स्लॅब यांतले काहीही त्याने सोडलेले नसते. साधी राहणी हीदेखील सुरक्षिततेच्या आत राहून उपभोगण्याची एक चैन असू शकते. सुक्कोत त्याला वस्तू टाकायला सांगत नाही. त्या सगळ्या वस्तू बरोबर घे, आणि आता त्यांच्यासह आकाशाखाली बस, असे सांगतो.

वाळवंटातल्या भटकंतीत देवाने आपल्या लोकांना ज्यांत राहवले ते मांडव कोणते, यावर तालमूदमध्ये एक प्रसिद्ध मतभेद आहे. रब्बी एलिएझर म्हणतात, ते देवाच्या वैभवाचे मेघ होते. रब्बी अकिवा म्हणतात, खरोखरचेच मांडव होते. (अन्य एका जुन्या ग्रंथात ही नावे उलट आली आहेत.) उपदेशकाला यातले कुठलेच मत पुरत नाही. मेघ म्हटले तर तो वाळवंटातला राजेशाही निवारा झाला, त्यात गरिबीचा मागमूस नाही. मांडव म्हटले तर ती उघड गरज झाली. ऊन लागत होते म्हणून माणसांनी सावली केली. दोन्ही पक्षांत कुठेही कुणी हौसेने कष्ट पत्करलेले नाहीत.

मराठीत या सणाला काय म्हणावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कोशाचा राहत नाही. पर्णकुटी म्हटले की ऋषी आला, वनवास आला, वल्कले आली. झोपडी म्हटले की दारिद्र्य आले. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी मांडवांचा सण असा शब्दप्रयोग रूढ केला, आणि त्यामागे किती विचार होता हे आज सांगता येत नसले तरी तो शब्द मर्मग्राही आहे यात शंका नाही. मांडव घातला जातो तो कार्यासाठी. त्याला मुहूर्तमेढ असते, आंब्याचे टाळे असतात, त्याखाली पंगती बसतात, घरातली ठेवणीतली भांडी बाहेर निघतात. आणि चार दिवसांनी तो उतरवला जातो. मांडवाखाली बसून संसाराच्या असारतेचे प्रवचन कुणी करीत नाही. शिवाय घराला जसा उंबरठा असतो तसा मांडवाला नसतो, म्हणून ज्याला आमंत्रण नसते तोही मांडवाच्या कडेला येऊन उभा राहतो.

कोकणातून आलेल्या बेने इस्रायल समाजाच्या मराठीतही या संदर्भात लक्षणीय सामग्री आहे. तेलघाण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुटी यांमुळे ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, त्या समाजाने आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. हायम सॅम्युएल केहिमकर यांच्या १८९७मध्ये लिहून झालेल्या आणि १९३७मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात ती नोंदवलेली आहेत. नववर्ष हा नव्याचा सण. योम किप्पूर हा दारफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेऊन घरात राहण्याचा दिवस. या नावाशेजारी मांडव ठेवून पाहावा. पाच दिवसांपूर्वी ज्याने दार लावून घेतले तोच आता अशा जागी येऊन बसतो, जिथे तीन भिंती पुरतात आणि चौथी बाजू उघडी असली तरी नियमाला बाध येत नाही. मुंबईत १७९६मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेल्या सिनेगॉगपासून पुढे या समाजाचे जे सार्वजनिक धर्मजीवन घडले, त्यात सिनेगॉगच्या आवारातला मांडव हा सर्वांचा मिळून असतो. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्याला स्वतःचे अंगण कुठून असणार? त्याला अंगण समाज देतो.

आणि याच ठिकाणी सणाची नैतिक मागणी सुरू होते. अनुवाद ग्रंथातील आनंदाच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, पोरका आणि विधवा अशी यादी दिलेली आहे. मैमोनिडीजने ती आज्ञा पुढे नेताना असे म्हटले आहे की, जो अंगणाचे दार लावून घेऊन आपल्या बायकामुलांसह खातो-पितो आणि गरिबांना जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा धर्मकृत्याचा आनंद नव्हे, त्याच्या पोटाचा आनंद होय. १३व्या शतकात स्पेनमध्ये प्रकटलेल्या झोहार या गूढवादी ग्रंथाने तर अब्राहामापासून दावीदापर्यंत सात पूर्वज पाहुणे म्हणून मांडवात येतात अशी कल्पना केली, आणि लगेच बजावले की त्यांचा वाटा गरिबाला द्यायचा आहे. येथे सुखसोयी हव्याच आहेत. ज्याच्या ताटात काही नाही तो पाहुण्याला काय वाढणार? वस्तूंचा तिरस्कार करणाऱ्या उपदेशात ही यादी नेहमी गळते, कारण त्या उपदेशात माणूस एकटा असतो आणि त्याला फक्त स्वतःचे मन शुद्ध करायचे असते.

घर सोडणे आणि घर गमावणे यांतला फरक पुसून टाकणे हा त्या उपदेशाचा सर्वांत मोठा दोष. जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात दक्षिण जर्मनीतील फिशाख गावचा एक रंगवलेला लाकडी मांडव आहे. तो साधारण १८३७चा. त्याच्या फळ्यांवर जेरुसलेमचे चित्र आहे आणि गावच्या जीवनाचेही. दर शरदात फळ्या जोडायच्या आणि सण संपला की सोडवून ठेवायच्या. १९३०च्या दशकात तो जर्मनीबाहेर काढला गेला. फिशाखचा ज्यू समाज नाझी राजवटीत नष्ट झाला. पक्की घरे त्यांना वाचवू शकली नाहीत, आणि तात्पुरता मांडव मात्र आज भिंतीआड सुरक्षित उभा आहे. या घटनेतून घराची क्षणभंगुरता शिकावी असे कुणी म्हणेल तर त्याला काय उत्तर द्यावे? त्या माणसांना घरे हवी होती. त्यांची घरे काळाने पाडली नव्हती, माणसांनी हिरावून घेतली होती.

१९५०च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमध्ये स्थलांतरितांसाठी उभारलेल्या माबारा छावण्यांत लाखांहून अधिक माणसे तंबूंत आणि पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. त्याच सुमारास भारतातून गेलेल्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी, आपल्याला भेदभावाने वागवले जाते म्हणून, भारतात परत पाठवण्याची मागणी केली होती. ज्याला घर म्हणून गाठले तेथे तंबू मिळाला, आणि जे सोडले ते घर होते हे मागाहून कळले. या अनुभवाला सात दिवसांच्या मांडवाचा मुलामा देता येत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, सुक्कोतला लागून येणाऱ्या शेमिनी अत्सेरेतच्या दिवशी, हमासने दक्षिण इस्रायलवर हल्ला केला. सुमारे १,२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० ओलीस नेली गेली, कित्येक वस्त्यांतली घरे राहत्या माणसांसह जळाली. त्यानंतरच्या युद्धात गाझात, तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार, ६०,०००हून अधिक माणसे मेली आणि सुमारे २० लाख लोकसंख्येपैकी बहुतेक सर्वांना घर सोडावे लागले. असंख्य कुटुंबे तंबूंत राहिली. तंबूत पाऊस आला तर लापशी बिघडली म्हणून उठून जायला त्यांना घर नव्हते. मिश्नेचा नियम गृहीत धरतो की मागे घर उभे आहे. ते गृहीत नसेल तर मांडव हा मांडव राहत नाही, आणि त्याच्याविषयी निःसंगतेची भाषा बोलणे हा वाङ्मयीन नव्हे, माणुसकीचा प्रमाद ठरतो.

उलट बाजूचा धोकाही मान्य केला पाहिजे. सोयींना मुभा आहे म्हटल्यावर बाजार मागे कसा राहील? तयार सांगाड्यांचे, गुंडाळून ठेवता येणाऱ्या छतांचे, शोभेच्या माळांचे दुकान सणाआधी भरते. सणात हाती धरावयाच्या चार वनस्पतींपैकी एत्रोग, म्हणजे आपले महाळुंग, हे तर शतकानुशतके महागड्या व्यापाराचे फळ आहे. निर्दोष, डाग नसलेल्या फळासाठी ऐपतीबाहेर पैसे मोजणारे गिऱ्हाईक आजही आहे. (भारतीय उपखंडाकडून पश्चिमेला गेलेले हे फळ कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीही आहे, हे जाता जाता नोंदवावे.) तालमूदने या हौसेला मर्यादा घातली: आज्ञापालन सुंदर करण्यासाठी मूळ खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जास्त द्यावे. सौंदर्याला वाव आहे आणि त्याला हिशोबही आहे. बाजाराने हिशोब विसरायला लावला तर दोष सौंदर्याचा म्हणता येणार नाही. याउलट जेरुसलेमच्या धर्मनिष्ठ वस्त्यांत एक सज्जा दुसऱ्याच्या बरोबर खाली येणार नाही अशी रचना इमारतींना दिलेली आढळते, जेणेकरून प्रत्येकाच्या मांडवावर मोकळे आकाश राहावे. सात दिवसांच्या छताने काँक्रीटच्या कायम इमारतीला आकार दिला आहे. बाजाराचे दाखले देणाऱ्यांनी हाही दाखला द्यावा.

उपदेशकांचा शेवटचा आधार म्हणजे उपदेशक याच नावाचा ग्रंथ, कोहेलेत. अश्केनाझी प्रघातानुसार तो या सणातल्या शब्बाथला वाचला जातो. त्यातला हेवेल हा पालुपदासारखा येणारा शब्द मराठीत व्यर्थ असा उतरला आणि सगळे प्रकरण वैराग्याकडे झुकले. हेवेलचा मूळ अर्थ श्वास, वाफ. व्यर्थ हा निवाडा आहे. वाफ हे वर्णन आहे. वाफ धरून ठेवता येत नाही, पण थंडीच्या सकाळी ती दिसते, ऊब देते. आणि हाच ग्रंथ पुन्हा पुन्हा खाण्यापिण्यातल्या आणि श्रमातल्या सुखाची शिफारस करतो. ती वाक्ये वगळून त्याचा सारांश सांगणे ही वाचनातली अप्रामाणिकता आहे.

सातव्या दिवसाविषयी मिश्नेत एक बारीकसा नियम आहे. शेवटचे जेवण झाले की लगेच मांडव मोडू नये. तिसऱ्या प्रहरापासून मात्र भांडी एकेक करून घरात न्यावीत, कारण संध्याकाळी लागणारा आठवा दिवस घरात साजरा करावयाचा असतो आणि त्याच्या मानासाठी घर मांडून ठेवायला हवे.